विशेष मुलांच्या बालगृहाला भेट : फोनपासून पावतीपर्यंत

"गावी आलोय, उद्या बाबांचं वर्षश्राद्ध आहे, दुपारी पन्नास मुलांचं जेवण घेऊन येतो." गणपतीत आणि मे महिन्यात कोकणातल्या बालगृहांना येणारे फोन साधारण याच सुरातले असतात. हेतू चांगला असतो, पण वाक्यात तीन चुका असतात : उद्या, पन्नास आणि जेवण. मुलं किती आहेत, त्यातली चावून खाणारी किती, दुपारी कोणाची फिजिओथेरपी असते, यातलं काहीही न विचारता दिवस आणि मेनू ठरलेला असतो.

गतिमंद, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या किंवा बहुविकलांग मुलांच्या संस्थेत जायचं असेल तर खालचा क्रम पाळा. घोटाळे बहुतेक वेळा पहिले दोन टप्पे गाळल्यामुळे होतात.

टप्पा १ : संस्था नेमकी कोणती, ते आधी कळून घ्या

लोक सरसकट 'अनाथाश्रम' म्हणतात, पण त्या पाटीमागे निदान दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे निवासी विशेष शाळा. इथल्या बऱ्याच मुलांना आईवडील असतात आणि सुट्टीत ती घरी जातात. दुसरं म्हणजे बालगृह. इथली मुलं बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने आलेली असतात. काही अनाथ, काही सोडून दिलेली, काहींच्या घरच्यांना सांभाळणं झेपलं नाही म्हणून आलेली. विशेष शाळेत ऐन गणपतीत गेलात तर वसतिगृह अर्धं रिकामं सापडेल. मागे राहिलेली मुलं ही ज्यांना न्यायला कोणी आलं नाही अशी असतात, आणि आपले मित्र घरी गेले हे त्यांना चांगलं कळत असतं. तिथे जाऊन "तुम्ही नाही गेलात घरी?" असं विचारणारे पाहुणे असतात, म्हणून हे लिहावं लागतं.

आता नोंदणी. बालगृहाची नोंदणी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली होते. ती पाच वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण. विशेष शाळांचा कारभार दिव्यांग कल्याण विभागाकडे असतो. प्रमाणपत्र बघायला मागणं यात उद्धटपणा काही नाही. शंका असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. ही कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात : रायगडसाठी अलिबाग, सिंधुदुर्गसाठी ओरोस, रत्नागिरी आणि पालघरसाठी त्या त्या शहरात.

इशारा : विनानोंदणी बालगृह चालवणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. "कागदपत्रं चालू आहेत हो" असं उत्तर आलं तर भेटही नको, देणगीही नको.

टप्पा २ : फोन, आणि तोही आठ-दहा दिवस आधी

फोन अधीक्षकांना करा. ओळखीच्या विश्वस्ताकडून वशिला लावू नका. विश्वस्त "या की!" म्हणतात आणि निस्तरायला अधीक्षक आणि मावशी. (मुलांची काळजी घेणाऱ्या बायकांना बहुतेक संस्थांत मावशीच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.)

फोनवर आपला बेत सांगण्याआधी विचारा : मुलं किती, साधारण कोणत्या वयाची? कोणती वेळ सोयीची? आम्ही किती जण आलो तर चालेल? खाऊ आणला तर काय चालतं, काय चालत नाही? सध्या कशाची नड आहे? कोणाला कसली ॲलर्जी आहे का? उत्तरं कागदावर लिहून घ्या. मुंबईहून गाडी भरून येताना आठवणीवर विसंबलेला माणूस हमखास चुकीच्या मापाचे डायपर घेऊन येतो.

वेळेबद्दल थोडं सविस्तर. सकाळ म्हणजे उठवणं, अंघोळी, कपडे, औषधं, न्याहारी. ज्या मुलाला सगळंच दुसऱ्याने करावं लागतं त्याचं एकट्याचं आवरायलाच बराच वेळ जातो. नंतर वर्ग आणि थेरपी, दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी पुन्हा जेवण, फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या, आणि या गोळ्यांची वेळ पुढेमागे करून चालत नाही. मधे उरते ती दुपारी चार ते साडेपाचची वेळ. बऱ्याच ठिकाणी तीच सांगतील. तुमचा मुहूर्त सकाळी अकराचा असला तरी तो इथे आणू नका.

पावसाळ्यात जाणार असाल तर घाट चालू आहे ना, हे निघायच्या आधी बघा आणि उशीर होत असेल तर लगेच कळवा. 'अमुक वाजता पाहुणे येणार' हे मुलांना सांगून ठेवलेलं असतं. स्वमग्न मुलाचा दिवस त्या क्रमावर उभा असतो. चारचे पाहुणे साडेसहाला आले की त्याची रात्र बिघडते, आणि त्याच्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांची.

तपासा : वेळ, माणसांची संख्या आणि खाऊ या तिन्हीला अधीक्षकांनी स्पष्ट 'हो' म्हटलंय का? "बघू, या" हा होकार नव्हे.

टप्पा ३ : काय न्यायचं

बिस्किटांचे पुडे, पातळ ब्लँकेटं आणि वह्या. ही तिन्ही कुठल्याही संस्थेत पोत्याने पडलेली असतात. वह्या तर न लिहिणाऱ्या मुलांच्या संस्थेतही. नड वेगळीच असते.

कोकणातल्या बालगृहाची पावसाळ्यातली मोठी डोकेदुखी म्हणजे कपडे. जून ते सप्टेंबर काही वाळत नाही. अंथरूण ओलं करणारी मुलं असतील तर चादरींचा ढीग पडवीत दोऱ्यांवर लोंबकळत असतो आणि त्याला कुबट वास येत राहतो. त्यामुळे मेणकापड, लवकर वाळणाऱ्या पातळ चादरी, इलॅस्टिकच्या पॅन्टी, पुढून उघडणारे सैल कपडे यांना खरी किंमत. छोटी बटणं आणि घट्ट गळे नकोत. हात आखडलेल्या मुलाला गळ्यातून शर्ट घालणं किती अवघड असतं ते एकदा मावशींना विचारा. डायपर न्यायचे तर माप विचारूनच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे डायपर लागतात आणि ते कोणी आणत नाही. वयात आलेल्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड. श्रवणयंत्रांचे बटण सेल. वस्तूंपेक्षा पैसे द्यायचे असतील तर धुलाई यंत्राची दुरुस्ती, इन्व्हर्टरची बॅटरी, महिन्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं मानधन, असा एखादा ठरलेला खर्च उचला. वीज गेली की सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं यंत्र) आणि पंखे दोन्ही बंद पडतात, म्हणून बॅटरीला कोणीही हसून 'नको' म्हणणार नाही.

न्यायचं नाही ते असं :

उरलेली औषधं. घरात आजोबांच्या शिल्लक राहिलेल्या गोळ्यासुद्धा. औषध द्यायचंच असेल तर संस्थेकडून डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि त्या नावाचं, त्याच मात्रेचं विकत घेऊन द्या.

व्हीलचेअर, मापाशिवाय. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान मूल एका बाजूला कलतं आणि पाठीचा बाक वाढतो. अशा साधनांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, कानपूरची अलिम्को कंपनी शिबिरांत मापं घेऊन साधनं देते. संस्थेला तिथवर पोचायला गाडी हवी असेल, तर ती गाडी द्या.

फुगे. ते फुटले की आवाजाने दचकणाऱ्या मुलांची पंचाईत, तुकडे तोंडात गेले तर घसा अडकतो, आणि स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्या मुलांत लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, ॲलर्जी बरीच आढळते. वाढदिवसाला फुग्यांशिवाय करमत नसेल तर रंगीत कागदाच्या पताका लावा.

खाऊबद्दल : काजू, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, मालवणी खाजा, फणसाचे गरे, काट्याचे मासे. आपल्याकडचं कौतुकाचं जे जे आहे ते जवळपास सगळं या यादीत येतं, त्याला इलाज नाही. कडक, बुळबुळीत किंवा काटेरी पदार्थ नीट चावता-गिळता न येणाऱ्या मुलाच्या घशात अडकतो. पिकलेल्या हापूसचा गाळलेला घट्ट रस, मऊ शिरा, मऊ कालवलेला दहीभात हे विचारून चालू शकतं. तरीही आधी अधीक्षकांना दाखवा. काही मुलांचं पोट भरल्याचं त्यांच्या मेंदूला कळतच नाही, ती दिलं तितकं खात राहतात. त्यांना चोरून दिलेला लाडू म्हणजे लाड नव्हेत.

टप्पा ४ : सोबत कोण

चार-पाच जण पुरे. अख्खी वाडी नको, कंपनीची बसही नको. ज्याला सर्दी, खोकला, ताप, डोळे आलेले असतील त्याने घरी राहावं. तुमची साधी सर्दी छाती कमकुवत असलेल्या मुलाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते.

लांब कानातली, गळ्यातली चेन, मोकळे केस, ओढणी : जे हाताला येईल ते ओढलं जाईल, आणि ओढणाऱ्याची त्यात चूक नसेल. उग्र अत्तर नको. पावसात चपला अशा घाला की जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर तुम्ही घसरणार नाही. खुर्ची ढकलणारा माणूसच आडवा झाला तर कसं व्हायचं?

स्वतःची मुलं न्यायची असतील तर आदल्या रात्री बोला. "तिथल्या एका ताईला बोलता येत नाही, पण ऐकू येतं. एक दादा मोठ्याने ओरडेल, तो रागावलेला नसेल." एवढं पुरतं. मुलाने तिथे सगळ्यांदेखत "हिला काय झालंय?" विचारलंच तर त्याला दटावू नका. "तिचे पाय तिचं ऐकत नाहीत, म्हणून चाकांची खुर्ची" असं साधं उत्तर द्या आणि पुढे चला. आणि "बघ, तुला किती मिळतं ते" हा धडा तिथे देऊ नका. त्या वाक्यात समोरचं मूल उदाहरण झालेलं असतं आणि ते तुमच्या समोरच बसलेलं असतं.

टप्पा ५ : आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं

थेट मुलांच्या खोलीत शिरू नका. कार्यालयात नोंदवहीत नाव लिहा, ओळखपत्र दाखवा, हात धुवा. आणलेल्या वस्तू तिथेच द्या. मुलांना रांगेत उभं करून एकेकाच्या हातात पुडा देण्याचा कार्यक्रम नको. ज्याचा हात पुढे येत नाही त्याचा हात मावशी धरून पुढे करतात, तुम्ही त्यात पुडा कोंबता, फोटो निघतो आणि पाच मिनिटांत पुडे परत गोळा होतात.

मग अधीक्षकांना तीन गोष्टी विचारा. आज कोणाजवळ जाऊ नये? कोणाला स्पर्श आवडत नाही? फिट कोणाला येते? ही माहिती उपयोगाची आहे म्हणून सांगतील, आजाराचं निदान मात्र विचारू नका. "हा कुठे सापडला?", "हिच्या आईने टाकली का?" ही चौकशी मुलांसमोर तर नकोच, पाठीमागेही नको.

इशारा : कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका, स्वच्छतागृहात नेऊ नका. ही काळजी मुलांसाठीही आहे आणि तुमच्यासाठीही.

टप्पा ६ : मुलांसोबत

खाली बसा. सतरंजीवर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. आणि मग थोडा वेळ काहीच करू नका. पाहुण्यांना हे सर्वांत जड जातं. लगेच गाणं, लगेच टाळ्या, लगेच "नाव काय तुझं?" सुरू होतं.

दिसत नसलेल्या मुलाजवळ जाताना आधी आपलं नाव सांगा, हात धरून ओढू नका, आपला हात पुढे करा आणि त्याला धरू द्या. ऐकू येत नसलेल्या मुलासमोर उजेडात बसा, पाठीमागून खांद्यावर थाप नको. खुर्चीला हात लावण्यापूर्वी खुर्चीतल्या मुलाला विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला कौतुकाने उचलून हवेत उडवू नका, काहींच्या मानेचे मणके सैल असतात. सोळा वर्षांच्या मुलाशी बोबडं बोलू नका. त्याला क्रिकेटचा स्कोअर सांगा, एसटीच्या गाड्यांचे नंबर विचारा. एखादा मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारत राहील, तेच उत्तर तितक्याच शांतपणे देत राहा. काही मुलं तुम्हाला बघताक्षणी गळ्यात पडतील. त्यातून 'याला माझा लळा लागला' असा अर्थ काढू नका. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडणं ही माणसं येऊन निघून जाण्याची झालेली सवय असते. झिडकारू नका, पण मांडीवर घेऊन बसण्याऐवजी हातात हात द्या, शेजारी बसा.

भरवायची इच्छा अनेकांना असते. आधी एक जेवण नुसतं बघा. मावशी मूल सरळ बसवतात, मान मागे पडू देत नाहीत, हनुवटी किंचित खाली. घट्ट पेज किंवा मऊभाताचा अर्धा चमचा जिभेच्या मध्यावर, मग थांबणं. गळा हलला, घास उतरला, तोंड रिकामं झालं हे बघितल्यावरच दुसरा. एका मुलाला अर्धा-पाऊण तास लागतो. पाहुणा बसला की त्याला घाई होते, चमचा भरतो, मूल हसलं की मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेत. पाणी तर आणखी धोक्याचं, पातळ द्रव पटकन भलतीकडे उतरतो. म्हणून "तहान लागली असेल बिचाऱ्याला" म्हणून शहाळं तोंडाला लावू नका. मावशींनी बसवून, दाखवून, शेजारी थांबून सांगितलं तरच चमचा हातात घ्या.

आकडी आली तर, कारण ती येऊ शकते : कांदा नको, चप्पल हुंगवणं नको, हातात किल्ल्यांचा जुडगा देणं नको. दात उघडायला चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. मावशींना हाक मारा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येत राहिली, तर रुग्णवाहिकेसाठी १०८. हे संस्थेची माणसंच करतील, तुमचं काम गर्दी बाजूला नेण्याचं. इतर मुलं घाबरतात, त्यांच्यापाशी बसा.

भाषेबद्दल एकच : 'बिचारे', 'देवाघरची लेकरं', 'मागच्या जन्मीचं' हे शब्द गाडीतच ठेवून या. बोलता न येणाऱ्या पुष्कळ मुलांना सगळं समजतं.

तपासा : तास-सव्वा तास झाला का? मुलं कान झाकू लागली, डुलू लागली, जांभया देऊ लागली असतील तर त्याआधीच आवरा.

टप्पा ७ : फोटो

काढू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'फक्त फॅमिली ग्रुपवर टाकतो' हा बचाव धरून चालू नका, तिथून ते कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही. आठवण हवीच असेल तर मुलांनी काढलेल्या चित्राचा फोटो मागा, नाव दिसणार नाही असा.

टप्पा ८ : निघताना आणि नंतर

निघायच्या दहा मिनिटं आधी मुलांना सांगा : "आता आम्ही निघणार." अचानक उठून जाऊ नका. "पुढच्या रविवारी येतो हं" हे नक्की येणार असाल तरच. खोटं आश्वासन देणाऱ्या पाहुण्यांचा हिशेब मावशींना द्यावा लागतो, दर रविवारी.

मूल एक दिवस घरी जेवायला न्यायची कल्पना अनेकांना सुचते. अधीक्षकांना ती परस्पर मान्य करता येत नाही, अशी सुट्टी बाल कल्याण समिती देते. दत्तक घ्यायचा विचार मनात आला तर तो तिथे, एखाद्या मुलाकडे बोट दाखवून बोलून दाखवू नका. त्याचा मार्ग केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे काराच्या पोर्टलवरून जातो, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीही. त्याबाहेरून मूल देणं-घेणं गुन्हा आहे.

काही खटकलं असेल, म्हणजे मुलाच्या अंगावर वळ, बांधून ठेवलेलं मूल, कोणाला बघून मूल आक्रसतंय, तर तिथे वाद घालू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा बाल कल्याण समितीला लेखी कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

देणगीची पावती जागेवरच घ्या. ज्याला सगळे '८०जी' म्हणतात ती आयकराची सवलत रोख दोन हजार रुपयांपर्यंतच मिळते, म्हणून त्यावरची रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या. नवी कररचना निवडली असेल तर ती सवलत नाहीच. आखातात नोकरीला असलेल्या भावाने पाठवायची असेल तर त्याचा पासपोर्ट भारतीय आहे ना, एवढं बघा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाकडून मात्र ज्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी आहे तिलाच घेता येतात, तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात.

पुढची भेट ठरवायची असेल तर दिवाळी, पंधरा ऑगस्ट, चौदा नोव्हेंबर (बालदिन) आणि तीन डिसेंबर (जागतिक दिव्यांग दिन) सोडून मागा. त्या दिवशी पाहुण्यांची रांग असते. एरवी जुलै-ऑगस्टमध्ये कोणी फिरकत नाही, तेव्हा जा. भेटीऐवजी गाडीही देता येईल : दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) मुलांना जिल्हा रुग्णालयात न्यायचं असतं, तालुक्याच्या गावाहून त्यात अख्खा दिवस जातो आणि गाडी मिळत नाही. अधीक्षकांना विचारा, पुढची तारीख कोणती आणि गाडीत किती जणांची जागा लागेल. खुर्ची दुमडून मागे बसते का, तेही आधी बघून ठेवा.